भावोजींचं कासव आणि वाऱ्याची वाट

पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला म्हणून मी पाव घ्यायला फाटकापाशी गेलो होतो, त्यामुळे आमोण्याहून आलेला ताईचा फोन बायकोने घेतला. ती बाहेर आली आणि तिने फोन माझ्या हातात दिला. मी फोन कानाला लावला. "दिगू, हे उठनत नाय रे," एवढंच ताई म्हणाली. रघुवीर भावोजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, झोपेतच गेले होते. आदल्याच रविवारी मी त्यांच्याकडे जाऊन आलो होतो. घरामागच्या गराजीत, त्यांच्या जुन्या गाडीच्या मागच्या बाजूला ते पाटावर बसले होते. डिचोलीपर्यंत चक्कर मारून नुकतेच आले होते आणि इंजिनातलं तेल बघायची लोखंडी पट्टी, चटका न बसता, दोन बोटांत धरून माझ्याकडे बघत हसत होते. "बघ, धरूक मेळता! आता तुझी ताय बसतली." ताईला त्या गाडीतून तिच्या माहेरी, म्हणजे पेडण्याला आमच्या घरी, नेऊन पोचवायचं, एवढ्यासाठी दीड वर्ष त्यांची खटपट चालली होती.

भावोजींचा सगळा जन्म मांडवीवर गेला. आमोण्याहून खनिज भरून मुरगावला जाणाऱ्या बार्जवर ते इंजिन सांभाळायचे. बार्जचं इंजिन नदीच्या पाण्यावर थंड राहतं. पंप नदीचं पाणी ओढतो, ते इंजिनाची उष्णता घेऊन परत नदीत जातं. त्यामुळे पाणी हाच इंजिनाचा देव, असं त्यांचं पक्कं मत होतं. खाणी थांबल्या, बार्ज काठाला बांधून पडले आणि भावोजी घरी बसले. काही वर्षांनी त्यांनी ही जुनी जर्मन गाडी घेतली. आफ्रिकेहून परतलेल्या एका कुटुंबाने ती फार पूर्वी मुरगावला बोटीतून उतरवली होती. गोल पाठ, पुढे सामानाची जागा आणि मागे इंजिन. आमोण्यात तिला सगळे कासव म्हणू लागले. गाडीला रेडिएटरच नाही हे कळल्यावर भावोजी मला म्हणाले होते, "वाऱ्यान इंजिन थंड होता? वारो काय उदक आसा? ह्या जर्मनांका नदी गावली नाय की काय!"

थट्टा केली तरी इंजिन त्यांनी जिवापाड मन लावून उघडलं. ते मुळात तेराशे सीसीचं, त्यातून झिजलेलं. आमच्या वाटेवरचा मोपाच्या पठाराचा चढ दोन माणसं आणि सामान घेऊन चढायचा तर दम हवा, म्हणून त्यांनी ते सोळाशेचं करायचं ठरवलं. पिस्टन ज्यावर फिरतात तो दांडा तोच, पण पिस्टन सत्त्याहत्तर मिलिमीटरचे होते ते साडेपंच्याऐंशीचे. मी नोकरीत वजनकाट्यावर बसतो, आकडा दिसला की हिशेब करून बघतो. चारही सिलिंडरांचा हिशेब मी कागदावर केला, तो बरोबर सोळाशेच्या घरात आला, तेव्हा भावोजींनी मला पहिल्यांदा चहा स्वतः करून दिला. बार्ज दुरुस्तीच्या ज्या कारखान्यात त्यांची उठबस होती, तिथल्या लेथवर इंजिनाचा सांगाडा आणि हेड मोठ्या पिस्टनांसाठी कातून घेतले. नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवे बेअरिंग. जोडणी करताना ते बोलत नसत. ताई स्वयंपाकघराच्या जनेलातून जेवायला हाक मारायची, आणि ते "येतंय" म्हणून तिथेच.

चूक झाली ती इथे, आणि ती बार्जवरच्या माणसाकडूनच होऊ शकते अशी. या इंजिनाच्या सिलिंडरांभोवती पत्र्याची आवरणं असतात. जुने पत्रे गंजून चाळण झाले होते. भावोजींनी ते भंगारात टाकले. बार्जवर इंजिन तापलं की वरची झाकणं उघडायची आणि वारा आत घ्यायचा, ही त्यांची सवय. "पत्रे वारो अडयतत," ते म्हणाले. "उघडा ऱ्हवांदे. जितका उघडा, तितका थंड." मला ते पटलंही होतं.

गणपतीच्या चवथीनंतर ताई दरवर्षी माहेरी येते. त्या वर्षी ती कासवातून निघाली, मांडीवर गोड नेवऱ्यांचा डबा घेऊन. डिचोली, अस्नोडा, कोलवाळचा पूल इथपर्यंत सगळं छान. धारगळ सोडून चढ लागला आणि मागून जळका वास आला, मग धूर, मग इंजिन गप्प. भावोजींनी पट्टी ओढली आणि चटका बसून हातातून टाकली. ताई खाली उतरली, मागून येणाऱ्या बसला तिने हात केला, आणि नवऱ्याला रस्त्यावर ठेवून डब्यासकट आमच्या घरी पोचली. दारातच म्हणाली, "ह्या कासवात मी परत बसूचंय नाय. चालत येयन!" आम्ही हसलो, पण भावोजी टेम्पोला गाडी बांधून आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. दोन पिस्टन घासले गेले होते.

पावसाळा संपेपर्यंत त्यांनी गराज उघडली नाही. मग एका रविवारी, मी तिथे असतानाच, विषय निघाला. मी म्हटलं, इंजिनावरचा पंखा नीट फिरतो, वारा भरपूर आहे, मग इंजिन तापलं कसं? ताई मागच्या अंगणात आंघोळीच्या पाण्याची चूल पेटवत होती. तिथूनच म्हणाली, "वारो सगळीकडे आसा, मगे माका फुंकणी कशाक लागता?"

"अगो, आमका चूल पेटवची नाय, थंड करूची आसा!" भावोजी म्हणाले.

"पेटवा नायतर थंड करा. वाऱ्याक वाट दाखवूक नको? तो काय तुमचो जावई, आपणच येवन बसतलो?"

भावोजी उठले आणि तिच्या हातातली फुंकणी घेऊन बघत राहिले. पंख्याचा वारा पत्र्यांमुळेच सिलिंडरांवरच्या बारीक कडांमधून घुसतो; पत्रे नसले की तो बाजूने निसटून जातो, हे त्यांना त्या क्षणी दिसलं. "दिगू," ते म्हणाले, "म्हणजे पत्रे ह्या नदीचे काठ!" मग पुठ्ठ्याचे नमुने कापणं, नवा पत्रा ठोकणं, फटी रबराने बुजवणं, नवे पिस्टन बसवणं... यात पुढचे महिने गेले. मी तेलाचं तापमान दाखवणारं मीटर आणून दिलं. "बोटांक मीटर कशाक?" म्हणून त्यांनी ते फडताळात ठेवून दिलं. ताईची अट एकच होती. गाडी आधी तिच्याशिवाय धावू दे, आणि आल्यावर पट्टी हातात धरून दाखवा. ती त्यांनी त्या शेवटच्या रविवारी धरली, पण ताई तेव्हा देवळात गेली होती.

दिवसकार्य आटोपलं की भावाने बहिणीला चार दिवस माहेरी न्यायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. मी भाड्याची गाडी घेऊन आमोण्याला गेलो. कासवाचं काय करायचं, असं कुणीतरी विचारत होतं. कोल्हापूरकडचं गिऱ्हाईक आहे म्हणे. ताई पिशवी घेऊन बाहेर आली, भाड्याच्या गाडीकडे तिने बघितलं आणि मला म्हणाली, "तिका पाठव परत. मी कासवातून येतंय."

मी चावी घेऊन बसलो तेव्हा दिसलं की माझं मीटर भावोजींनी बसवलेलं आहे. पण चालवणाऱ्यापुढे नाही. डाव्या बाजूला, ताईच्या जागेसमोर, तिला मान न वळवता दिसेल असं. ताईने ते बघितलं आणि पदराने काच पुसली. इंजिन पहिल्याच चावीला लागलं. कोलवाळच्या पुलावर तिने विचारलं, "काटो खंय आसूक जाय?" मी सांगितलं, नव्वदच्या आसपास, शंभरापर्यंत हरकत नाही. चढ लागला. मी तिसऱ्या गिअरवर आलो, मग दुसऱ्या. ताई दोन्ही हात मांडीवर ठेवून काट्याकडे बघत होती आणि मला सांगत होती, "ब्याण्णव... पंच्याण्णव... थंयच आसा रे, थंयच आसा." ज्या वळणावर मागच्या वेळी धूर आला होता ते वळण मागे पडलं. पठारावर पोचलो तेव्हा डोक्यावरून एक विमान मोपाच्या विमानतळावर उतरत होतं. काटा परत नव्वदवर आला आणि ताई रडली, त्या सगळ्या दिवसांत मी पाहिलं ते पहिल्यांदा.

घरी पोचल्यावर मी तिला म्हटलं, मीटर बघितलंस ना, आता पट्टीची गरज नाही. तिने ऐकलं नाही. झाकण उघडायला लावलं, पट्टी ओढली, पदर बाजूला केला आणि उघड्या बोटांत धरून ती तशीच उभी राहिली.

गिऱ्हाइकाला आम्ही नाही म्हणून कळवलं आहे. आता एक रविवार सोडून एक मी आमोण्याला जातो आणि आम्ही कासवातून कुठेतरी जाऊन येतो. गराजीतला भावोजींचा पाट अजून तिथेच आहे. परतल्यावर ताई त्यावर बसते, मी मीटरचा आकडा सांगतो, ती ऐकून घेते, आणि मग पट्टी ओढून दोन बोटांत धरते. "धरूक मेळता," म्हणते. मग आम्ही चहा घेतो.