डबा माझ्यापाशी थांबला

मास्तर मंडळी, आज दुपारची गोष्ट सांगतो.

डोंगरकड्याजवळच्या आमच्या शाळेत आठवीला मी इंग्रजी व्याकरणाचा खेळ घेत होतो. थाळी वाजेपर्यंत चिठ्ठ्यांचा डबा फिरतो. ज्याच्याकडं थांबेल त्यानं चिठ्ठी काढून त्यातल्या शब्दाचा अर्थ सांगायचा. चिठ्ठ्या पोरांनीच पुस्तकात बघून लिहिलेल्या.

तपासणीला आलेले साहेब मागं येऊन बसले. पोरांनी मलाही गोलात ओढलं, अन् डबा माझ्याचपाशी थांबला. चिठ्ठीत ‘जेरंड’ लिहिलेलं, म्हणजे क्रियापदाला ing लावून होतं ते नाम. पण तेव्हा मला काहीच आठवेना. साहेब बघतच होते.

शेजारची शबाना कुजबुजली, "सर, खाली बघा. आमी तसंच करतो, मंग तुमी दुसऱ्याला विचारता."

मी खाली बघितलं.

बारा वर्षं मी अशा लेकरांना लाजाळू समजत होतो. तुमच्या वर्गात किती जण खाली बघतात?