पट्ट्यावरचं हत्यार

पेणहून वडखळला जाणाऱ्या मिनीडोअरमध्ये एक गृहस्थ रोज माझ्या शेजारी, दाराकडे बसतात. डोलवीला कामाला आहेत. नाव मी कधी विचारलं नाही.

पक्कड, चाकू, स्क्रू ड्रायव्हर एकातच मिटणारं मल्टीटूल त्यांच्या पट्ट्याला असतं. उजवीकडे दार घासतं, पुढे पोट आडवं येतं, म्हणून ते पाठीमागे लावलेलं. कुणी मागितलं की म्हणायचे, "हत्यार नाय देत. काम सांगा."

परवा रामवाडीला एकाला उतरायचं होतं, तर दाराची कडी अडकली. आत आम्ही इतके कोंबलेले की त्यांचे हात मांड्यांमधून निघेनात, आणि शिफ्टची वेळ तर होत आलेली. शेवटी पुटपुटले, "मॅडम, तुमीच काढा."

मी त्यांच्या पाठीमागे हात घातला, तसे ते गुदगुल्यांनी किंचाळलेच. अख्खी गाडी खिदळायला लागली. समोरची म्हातारी ओरडली, "सोडू नको गो, वढ!"

ओढलं. आधी बाटली उघडायचं निघालं, मग कात्री, मग एकदाची पक्कड. त्यांच्यावरून वाकून कडी मीच सोडवली.

दुसऱ्या दिवशी हत्यार डावीकडे, माझ्या बाजूला होतं.

"इकडं बरं पडतं का?" मी विचारलं.

"मला नाय," ते म्हणाले. "तुमाला."