नोंदींपलीकडचं वय

मुलांच्या दवाखान्यातल्या आकडेवारीच्या खोलीत आम्ही दोघंच: मी आणि मामा. ते माझे मामा नव्हेत. त्यांची भाची शाळा सुटली की येऊन बसायची आणि मामा, मामा करून त्यांचं डोकं खायची, तेव्हापासून अख्खा दवाखाना त्यांना मामाच म्हणायचा. माणूस एक नंबरचा खडूस. चहाला चला म्हटलं तरी आधी घड्याळ बघणार.

भाचीला जो आजार होता, त्याच आजाराच्या मुलांची वजनं त्यांनी वर्षानुवर्षं जमवली होती. संगणक त्यावरून वाढीची रेषा काढायचा. एखादं वय विचारलं, की त्याच्या आसपासच्या वयाची मुलं तेवढी बघायची आणि अंदाज सांगायचा. यादीतल्या सगळ्यात मोठ्या मुलाच्या पुढचं वय विचारलं, की उत्तराची जागा कोरी. एक सेटिंग बदललं तर मात्र तो तिथंही आकडा ठोकून देतो. मी एकदा तसं केलं, तेव्हा मामांनी मला असं झापलं की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

भाची पावणेनऊ वर्षांची असताना डॉक्टर म्हणाले, वीस किलो भरली की ऑपरेशन करू, त्याआधी तिला झेपणार नाही. ती होती सतरा किलोंची. मामांची बहीण तडक आमच्या खोलीत आली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. दहाव्या वर्षी पोरगी वीस किलोंची होईल का, एवढंच तिला हवं होतं.

मामांनी दहा टाकलं. जागा कोरी. साडेनऊ टाकलं. कोरी. यादीतलं सगळ्यात मोठं मूल आठ वर्षं अकरा महिन्यांचं होतं. त्यापुढचं एकही का नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. माझ्याकडे न बघता त्यांनी ते सेटिंग बदललं.

"वीसच्या थोडं वरच जाईल, ताई," ते म्हणाले.

ताई दर सोमवारी फोनवर वजन कळवायची. सतरा दोनशे. सतरा सहाशे. मला मामांचा राग आला होता. त्याहून जास्त राग माझाच यायचा, कारण त्या खोट्या रेषेवर माझाही विश्वास बसायला लागला होता.

नऊ वर्षं चार महिन्यांची, अठरा किलोंची असतानाच भाची वारली.

आठवड्याने मामा कामावर आले. घरचं माणूस म्हणून तिची वजनं त्यांनी यादीत कधी घातलीच नव्हती. मी भरते म्हटलं, तर मान हलवून नको म्हणाले. एकेक आकडा स्वतः भरला आणि मग नऊ वर्षं चार महिने हे वय विचारलं. या वेळी जागा कोरी राहिली नाही.

"आता पुढच्या आईला इथपर्यंत तरी खरं सांगता येईल," मामा म्हणाले आणि माझ्यासमोर ढसाढसा रडले.