माणूस निघालाय

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात ठिय्या बसत असे. ठिय्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, ते ऑफिसने बहाल केलेलं. सकाळी एकदा खुर्चीत बसला की हा गृहस्थ संध्याकाळपर्यंत जागचा हलत नसे. टेबलाची मांडणीच त्याने अशी केली होती की हलायची वेळ येऊ नये. फोन डाव्या हाताला, पाण्याची बाटली उजव्या हाताला, जेवणाचा डबा खणात आणि मागच्या कपाटातल्या फाइली ओढायला घरून आणलेली छत्री. छत्रीच्या वाकड्या मुठीत तो हवी ती फाइल अचूक अडकवायचा. या कसबाचा त्याला भारी अभिमान. नवीन माणूस नोकरीला लागला की तो त्याला ते करून दाखवायचा. अर्थात बसूनच.

काम तसं सोपं होतं. कुठेतरी लिफ्ट अडकायची, लोक फोनवर आरडाओरडा करायचे आणि ठिय्या शांतपणे पत्ता लिहून घेऊन म्हणायचा, "माणूस निघालाय." माणूस निघालेला असेच असं नाही. पुष्कळदा तो मागच्या खोलीत चहा पीत बसलेला असे. पण एवढं ऐकलं की ओरडणारा निम्म्याने थंड होतो, हे ठिय्याला अनुभवाने पक्कं ठाऊक झालं होतं. आपण खोटं बोलतो असं त्याला कधी वाटलंच नाही. माणूस काय, आज ना उद्या निघतोच.

एके दिवशी फोन वाजला आणि पलीकडून खणखणीत आवाज आला, "तक्रार विभाग का? आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडलीय. मी पाचव्या मजल्यावर राहते आणि माझे गुडघे कामातून गेलेत."

"ताई, अगं मीच बोलतोय."

"माहितेय मला. म्हणून तर रीतसर तक्रार करतेय. घे लिहून."

त्याने लिहून घेतलं आणि सवयीने बोलून गेला, "माणूस निघालाय."

"कोण माणूस? नाव सांग त्याचं," ताई म्हणाली.

इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न ठिय्याला कुणीच विचारला नव्हता.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा एवढासा होता. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून नोकरीच्या मुलाखतीला इस्त्रीचा शर्ट चढवून पाठवण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. अजूनही ती त्याला 'बाळ' म्हणते, आणि बाळाचं पोट शर्टाच्या गुंड्यांना ऐकेनासं होऊन आता जमाना झाला.

कंपनीचा मिस्त्री तिच्या इमारतीत जाऊन आला. मोटर फार जुनी, तिचा जळालेला भाग आता कुणी बनवतच नाही, असं सांगून त्याने लिफ्टच्या दारावर 'बंद आहे' अशी पाटी लावली. पाटी तिथे इतकी रुळली की इमारतीचं नाव तेच असावं असं नवख्याला वाटे.

तेव्हापासून दर सुट्टीच्या दिवशी ठिय्या ताईच्या गॅलरीखाली रस्त्यावर उभा राहायचा. ताई दोरीला बांधून पिशवी खाली सोडायची, हा तिच्यात भाजी आणि औषधं भरायचा, आणि मग दोघांच्या गप्पा चालायच्या. ताईचा आवाज असा, की ठिय्याला रक्तदाब आहे, आणि तो गोळ्या वेळेवर घेत नाही, हे सगळ्या गल्लीला तोंडपाठ झालं.

"वर ये की रे एकदा," ती म्हणायची.

एकदा तो गेलाही. दुसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि तो कुणाच्या तरी चपलांच्या रॅकशेजारी पायरीवर बसला. त्या घरच्या बाईने त्याला पाणी दिलं, तो जरा सावरेपर्यंत थांबली, आणि मग विचारलं, "लिफ्टचं काही कळलं का हो?" तो तसाच खाली उतरला आणि ऑफिसातून तातडीचं बोलावणं आलं अशी थाप ताईला मारली. ताईने ती खरी मानली की नाही, देव जाणे.

मग ताईच्या लेकीने ठरवलं की आता फार झालं, महिनाअखेरीला आईला आपल्या गावी घेऊन जायचं. दोन हमाल ठरले. ताईला खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणायचं.

"सामानासारखी उचलून नेणार मला," ताई फोनवर म्हणाली. या खेपेला तक्रारीच्या नंबरावर नाही, त्याच्या घरी केला होता फोन. "नेऊ देत. पण बाळ, तू वर ये. माझा हात धरून माझ्यासोबत खाली उतर. परक्यांच्या हाती एकटीने मला या घरातून निघायचं नाही."

"येतो ना," तो म्हणाला. आणि त्याच्या कानांना ते अगदी 'माणूस निघालाय' सारखं ऐकू आलं. फोन ठेवल्यावर त्याला रडू फुटलं. बहीण जाणार याचं दुःख होतंच, पण आपल्या पायांची लाज त्याहून जास्त वाटत होती.

दुसऱ्या दिवसापासून त्याने व्यायाम धरला. पण धरणार कुठे? फोनची वायर हातभर, आणि फोन सोडून जायची सोय नाही. तेव्हा त्याने स्वतःपुरता नियम केला: ज्या मजल्यावरून तक्रार येईल, तेवढ्या उठाबशा काढायच्या, त्याही तक्रार ऐकता ऐकता. पहिलाच फोन नेमका सातव्या मजल्याचा. तिसऱ्या बैठकीला चाकांची खुर्ची मागे सरकली आणि ठिय्या धाडकन जमिनीवर आला.

"काय हो, काय पडलं?" पलीकडून घाबरा आवाज आला.

"लिफ्ट नाही, मी पडलो. बोला तुम्ही."

बाटली त्याने खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. छत्री शेजारच्या टायपिस्ट बाईंना देऊन टाकली. त्यांनी ती त्याच कामासाठी ठेवून घेतली. चहाला तो मागच्या खोलीत जायला लागला, तेव्हा मिस्त्री त्याच्याकडे बघतच राहिला.

"उभे कसे काय? मला वाटायचं तुम्ही बुटके असाल."

उठाबशांनी ठिय्याच्या नाकी नऊ आले, पण भलताच चमत्कार घडला. फोनवर त्याची धाप ऐकून लोक विरघळायला लागले. "अहो, केवढी धावपळ करता तुम्ही आमच्यासाठी! सावकाश पाठवा माणूस," असं म्हणू लागले. मॅनेजरांपर्यंत ही कीर्ती गेली. त्यांनी लगेच फर्मान काढलं, की यापुढे सर्वांनी फोनवर अशाच तळमळीने बोलावं. आठवड्याभरात सगळा विभाग बसल्या जागी धापा टाकू लागला. टायपिस्ट बाईंना तर ते इतकं साधलं की त्या घरी सासूशीही तसंच बोलायला लागल्या म्हणे.

मॅनेजरांनी पाठ थोपटली, तेव्हा ठिय्याने एवढंच मागितलं, "साहेब, माझ्या बहिणीच्या लिफ्टचं तेवढं बघा."

"बघतो," मॅनेजर म्हणाले. ते कसं बघणार हे ठिय्याला लगेच कळलं. तोही त्याच खात्यातला होता.

पण चहाच्या वेळी मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं होतं. तो कप खाली ठेवून उठून गेला.

निघायचा दिवस उजाडला. ठिय्या इमारतीत शिरला तेव्हा लिफ्टवरची पाटी जागच्या जागी होती. तिच्याकडे न बघताच त्याने जिना धरला. दुसऱ्या मजल्यावर ती चपलांची रॅक आली, आणि तो बसला नाही. तिसऱ्यावर त्याच्या पायांत गोळे आले, तेव्हा भिंतीला कपाळ टेकून तो नुसता श्वास घेत राहिला. कानांत घरघर घुमत होती. आपला रक्तदाबच तो, असं समजून तो पुन्हा चढायला लागला. पाचव्या मजल्यावर पोचला तेव्हा तोंडाला फेस यायचा तेवढा बाकी होता. पण पोचला! स्वतःच्या पायांनी पोचला. त्याला हसू आणि रडू एकदमच आलं.

दार उघडं होतं. आत रिकामी खोली आणि हातांना दोऱ्या बांधलेली रिकामी खुर्ची.

तो गॅलरीत धावला. खाली टॅक्सी उभी होती आणि टॅक्सीजवळ लेकीच्या खांद्याला धरून चक्क ताई उभी होती. शेजारी मिस्त्री फडक्याला हात पुसत होता. मोडीत निघालेल्या कुठल्याशा लिफ्टचा भाग शोधून त्याने तो सकाळीच बसवला होता, आणि "चालतेय तोवर उतरून घ्या" म्हणून ताईला खाली आणलं होतं. पाटी काढायचं मात्र तो विसरला होता.

ताई गल्लीच्या तोंडाकडे डोळे लावून होती. "मला माहीतच होतं," तिचा आवाज वर पाचव्या मजल्यापर्यंत स्वच्छ आला. "नाही यायचा तो. निघालोय म्हणेल आणि बसून राहील."

"ताई!"

तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. वर बघायचं काही तिला सुचेना. शेवटी लेकीने बोट दाखवलं.

"तू? वर?" ताईच्या तोंडून शब्द फुटेना, आणि हे गल्लीने पहिल्यांदाच पाहिलं. "जिन्याने?"

त्याने मान हलवली. बोलायला श्वास होता कुठे? ताईने पदराने डोळे पुसले आणि लगेच खेकसली, "अरे गाढवा, मी खाली आलेय ना! ये आता, हात कोण धरणार माझा?"

ठिय्याने दार ओढून घेतलं. बटण दाबलं असतं तर लिफ्ट कदाचित वर आलीही असती. पण आपल्या कंपनीच्या लिफ्टचा भरवसा किती, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तो जिन्यानेच निघाला. कठड्याला धरून धरून तो उतरत होता. खाली टॅक्सीवाल्याने वैतागून हॉर्न वाजवला, आणि पाठोपाठ ताईचा खणखणीत आवाज जिनाभर घुमला.

"थांबा हो जरा! माणूस निघालाय."