कॅनवरच्या खडूच्या रेघा

मंडळी, अंबरनाथ पश्चिमेच्या सायबर कॅफेतून लिहितोय. राग अजून उतरलेला नाही.

आमच्या केमिकल कंपनीत कॅनवर लांबलचक इंग्रजी नावं असतात. माझी शाळा आठवीत सुटली, माझ्यासोबत काम करणाऱ्या गायकवाड काकांची त्याआधीच. म्हणून मी नावांत खडूने रेघा मारतो. 'सोडियम हाय' दोन कॅनवर सारखंच. पुढे एकावर ड्रॉक, साइड. दुसऱ्यावर पो, क्लो, राइट. तुकड्या-तुकड्याने सगळ्यांना वाचता येतं.

आज पाहुणे येणार होते. सुपरवायझर म्हणाले, "ए प्रोफेसर, ही काय बालवाडी आहे? पूस सगळं!"

मी पुसलं.

तासाभराने काका अ‍ॅसिडच्या टाकीत कॅन ओतायला निघाले. कॅन दुसराच होता, 'पो, क्लो, राइट'वाला. ओतला असता तर विषारी वायू सुटला असता. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"रेघा कुठे गेल्या रे?" काकांनी विचारलं.

सुपरवायझर त्यांच्यावरच ओरडले, "अनपढ लोग!"

मी पाहुण्यांसमोरच सगळ्या रेघा परत मारल्या. उद्या कामावर घेतील का, माहीत नाही. पण आधी पुसल्या मीच होत्या, एका हुकमावर. तुम्ही पुसल्या असत्या का?