माघारी वळण

शिकाऊ वैमानिकांनी तिचं नाव ठेवलं होतं चाबूक. ते कानावर आलं तेव्हा ती चक्क खूश झाली. परवान्याच्या परीक्षेत तिच्या हातून फुकटात कोणी सुटत नसे, मग तो कुणाचा का जावई असेना.

या धंद्यात ती हौसेने आलीच नव्हती. तिचा धाकटा भाऊ शिकाऊ असतानाच गेला. उड्डाण केल्या केल्या इंजिन बंद पडलं, त्याने धावपट्टीकडे माघारी वळायला पाहिलं, आणि त्या वळणातच विमान धोंड्यासारखं खाली आलं. अशा वेळी वळायचं नसतं, वळणात वेग मरतो. नाक खाली करायचं आणि समोर जे मोकळं दिसेल तिथे उतरायचं, हा पहिलाच धडा. चौकशीत त्याच्या विमानशाळेचे मुख्य शिक्षक, ज्यांना सगळे सर म्हणत, मान हलवत म्हणाले, "पोरगा उतावळा होता. सांगितलेलं ऐकायचा नाही." झालं! मेलेल्याच्या माथी मारलं आणि सगळे मोकळे झाले. घरी आई म्हणत राहिली, "मीच लाडावून ठेवलं त्याला."

पण भावाच्या एका सोबत्याने तिला जिन्यात गाठलं होतं. "ताई, सर आम्हाला माघारीच वळायला शिकवतात. विमान शेतात घातलं की शाळेचा मालक त्यांच्यावर डाफरतो." हेच चौकशीत बोल म्हटल्यावर त्याची दातखीळ बसली.

तेव्हा तिने ठरवलं. कर्ज काढून उडायला शिकली, मग शिकवायला लागली, मग परीक्षक झाली. लोक म्हणाले, भावाचं स्वप्न पुरं केलं हो पोरीने! स्वप्न कसलं डोंबलाचं? तिला त्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीत बसायचं होतं.

आणि एके दिवशी सरांच्या परवान्याची फेरपरीक्षा तिच्याकडे आली. तिचं आडनाव लग्नानंतरचं, त्यामुळे सरांनी ओळखलं नाही.

"सोपं काहीतरी विचारा हं बाई," सर हसत म्हणाले. "आता गुडघे कुरकुरतात."

"सोपंच आहे. उड्डाण केल्या केल्या इंजिन गेलं तर?"

"नाक खाली, समोर उतरायचं. वळायचं नाही." अगदी पोपटासारखं.

विमान वर चढलं. समोर सपाट, मोकळं रान पसरलं होतं. तिने हात पुढे केला आणि इंजिनाला जोर देणारा दांडा, थ्रॉटल, मागे ओढला. इंजिनाचा आवाज बसला.

सर क्षणभर थबकले. मग त्यांच्या हातांनी विमान डावीकडे वळवलं. माघारी! वेग उतरत गेला, धोक्याचा भोंगा केकाटायला लागला. भावाने शेवटचा ऐकला तो हाच आवाज. अजून जरा थांबावं, कळू दे याला, असं तिच्या मनात आलं. खोटं कशाला बोला? आलं. मग तिने नाक खाली दाबलं, पंख सरळ केले, इंजिनाला जोर दिला.

"सोडा. विमान माझ्याकडे."

खाली उतरल्यावर शिकाऊ पोरं धावत आली. सगळ्यांनी पाहिलं होतं. "सर, काय झालं?"

"काही नाही रे," सर घाम पुसत म्हणाले. "या बाईंनी भलत्याच उंचीवर काहीतरी..."

तीच चाल. इतक्या वर्षांनीही तीच!

"वळवणारे हात कुणाचे होते, सर?"

एक शिकाऊ मुलगी चाचरत म्हणाली, "पण सर, आम्हालाही तुम्ही असंच वळायला शिकवलंत ना?"

"तुम्ही नापास," ती सरांना म्हणाली. "आणि तुमचं शिकवणं बंद करा, असं आजच वर कळवतेय. आता सांगा, माझ्या भावाला हे वळण कोणी शिकवलं?" तिने भावाचं नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट.

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. तिला तसूभरही कीव आली नाही.

"मीच," ते पुटपुटले. "त्यालाही मीच शिकवलं."

"मोठ्याने बोला, सर. मागे ऐकू जात नाहीये."