सामाईक विहिरीत उतरलेलं वजन

माझी शुगर मला कळली ती माझ्याच अंगणवाडीत, साऱ्या बायांसमोर. आरोग्य केंद्राची गाडी तपासणीला आली होती. आदल्या दिवशी घरोघर फिरून मी बायांना गोळा केलं होतं, पण सुई पाहिली की एकेक जण मागं सरकायची. कुणाचं दळण राहिलं होतं, कुणाला काहीच झालं नव्हतं. शेवटी मीच खुर्चीवर बसले आणि बोट पुढं केलं. मुंगी चावल्यासारखं होतं, बाकी काही नाही, असं हसत सांगितलं. बाया हसल्या, रांग लागली. तेवढ्यात सिस्टरनं मशीनवरचा आकडा पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, सकाळून काही गोड खाल्लं का?"

चहा सोडून मी काही घेतलं नव्हतं. त्यांनी दुसरं बोट टोचलं. आकडा तसाच आला.

पुसेगावहून आत वळलं की आमचं गाव. कित्येक वर्षं मी तिथली अंगणवाडी सेविका आहे. लेकरांची वजनं वाढवायची, गरोदर बायांची वजनं बघायची, हेच माझं काम. स्वतः काट्यावर उभी राहायची वेळ आली की मात्र मी काहीतरी कारण काढायचे. त्या दिवशी सिस्टरनं उभं केलं. काटा ऐंशीच्या पुढं गेला आणि तिथंच थांबला.

आठवड्यानं आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीण बाईंनी सगळे रिपोर्ट पाहिले. वयानं माझ्या भाचीएवढ्या असतील. त्यांनी सकाळ-संध्याकाळच्या दोन प्रकारच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "वजन उतरवलंत तर यातली एखादी गोळी सुटूही शकते. पण वजन उतरायलाच पाहिजे."

माझ्या वडिलांना शुगर होती. त्यांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली होती, ते मी डोळ्यानं पाहिलं होतं. म्हणून जाताना मी भेदरलेली होते. येताना मात्र जीपमध्ये बसून एकच वाक्य मनात घोळवत होते: गोळी सुटू शकते. वडिलांना असं कुणी सांगितलंच नव्हतं. मला कुणीतरी दार किलकिलं करून दिलं होतं आणि मी त्यातून आत घुसणारच होते.

पहिली लढाई चहाची. गृहभेटीला गेलं की प्रत्येक घरी चहा, आणि आमच्याकडचा चहा म्हणजे जवळपास पाकच. एका घरी घेतला आणि दुसऱ्या घरी नाकारला, तर तोंडं वाकडी होतात. मी सरळ सगळ्यांना सांगून टाकलं की मला शुगर निघालीय, द्यायचंच असेल तर ताक द्या. वाटलं होतं तसं कुणी नाक मुरडलं नाही. उलट एकीनं दार लावून घेतलं आणि आपल्यालाही असल्याचं सांगितलं. घरात लपवून ठेवलं होतं म्हणे. घरी आमच्या मालकांनीही माझ्यासोबत बिनसाखरेचा चहा सुरू केला. दोन दिवस त्यांनी तो औषधासारखा गिळला. तिसऱ्या दिवशी शेतात जाऊन गोड चहा करून पिऊन आले, आणि मिशीला लागलेल्या सायीवरून मला कळलं.

भात बंद झाला, रात्रीची भाकरी अर्धी झाली, ताटात भाजी वाढली. पण चालणं काही जमेना. डांबरी रस्त्यावर चार-पाच दिवस चालले आणि गुडघे सुजले. पायऱ्या चढताना डोळ्यांत पाणी यायचं. मी ओट्यावर गुडघ्यांना शेक देत बसले होते, तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाई आल्या.

आमची वाटणी होऊन बरीच वर्षं झालीत. शेताचे दोन तुकडे झाले, चुली दोन झाल्या, विहीर तेवढी सामाईक राहिली. भांडण असं नव्हतं, पण सणावाराशिवाय येणं-जाणंही नव्हतं. जाऊबाई मुळात कमी बोलणाऱ्या. त्यांचं माहेर पैनगंगेच्या काठावरचं. उन्हाळ्यात म्हशी धुवायला त्या नदीत उतरायच्या आणि पैलतीराला हात लावून यायच्या, हे मी लग्नात नुसतं ऐकलं होतं.

त्यांनी माझे गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "गुडघे दुखतेत त जमिनीवर काहून चालून राहिली? पाण्यात ये. पाण्यात वजन नसतं."

मला हसू आलं. चव्वेचाळीस वर्षांची बाई, गावातल्या लेकरांची मॅडम, आणि विहिरीत? जाऊबाईंनी माझ्या हसण्याकडं लक्षच दिलं नाही. उद्या झुंजूमुंजू झालं की ये, एवढं सांगून त्या उठल्या.

नांदेडला शिकणाऱ्या माझ्या लेकीचा एक जुना पंजाबी ड्रेस घरी होता. तो शिवणी उसवून कसाबसा अंगात घातला, वरून साडी गुंडाळली आणि मळ्यात गेले. पाऊसकाळ सरत आला होता, विहीर चांगली भरलेली. जाऊबाईंनी आधी मोटारीचा खटका पाडला, फ्यूज काढून पदरात बांधला. पोरांनी मधेच मोटार चालू करू नये म्हणून. मग माझ्या पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि स्वतः नऊवारीचा काचा मारून पाण्यात शिरल्या. साठीला आलेली ती बाई पाण्यात गेली आणि दिसेनाशीच झाली. पार पलीकडच्या कपारीपाशी डोकं वर आलं.

मी पायरी धरून गळ्याइतक्या पाण्यात उभी. हात काही सुटेना. जाऊबाई जवळ आल्या, माझ्या पाठीखाली तळहात ठेवला आणि आभाळाकडं बघ म्हणाल्या. मी बघितलं. विहिरीच्या तोंडाएवढं गोल आभाळ, त्यात एक बगळा चाललेला. पाय आपोआप वर आले. कान पाण्यात गेले आणि सगळं शांत झालं. किती वर्षांनी माझ्या गुडघ्यांवर माझाच भार नव्हता! जाऊबाईंनी हात कधी काढून घेतला ते मला कळलंच नाही. कळलं तेव्हा घाबरून मी बुडाले, नाकातोंडात पाणी गेलं, आणि खोकता खोकता हसायला लागले. त्या दिवशी अंगणवाडीत लेकरांना गाणी शिकवताना माझे हात आपोआप पाणी कापत होते.

मग रोज पहाटेची ओढ लागली. लग्नाआधी जत्रेची वाट बघायचे तशी मी उजाडायची वाट बघायला लागले. थंडी पडली तेव्हा वाटलं, आता संपलं. पण थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं, पहाटे वाफा निघतात, हे मला चव्वेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. कॅन सुटला. मी एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला लागले. गावात कुजबूज झाली. कुणी मालकांना पारावर विचारलं की मॅडम विहिरीत काय करून राहिल्या. मालकांनी सांगितलं की डॉक्टरनं लिहून दिलंय. कुणी पुन्हा विचारलं नाही. डॉक्टरनं लिहून दिलं म्हटलं की आमच्याकडं काहीही चालतं.

काटा खाली यायला लागला. आधी ब्लाउज सैल झाले, मग बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी आता स्वतःहून काट्यावर उभी राहायचे, लेकरांच्याही आधी. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली तोवर गुडघे बरे झाले होते. मग जाऊबाई आणि मी नरसीपर्यंत पायी जायला लागलो, येताना जीपनं. वाटेत त्या माहेरच्या गोष्टी सांगायच्या. एवढ्या वर्षांत ऐकलं नव्हतं तेवढं त्यांचं बोलणं मी त्या रस्त्यावर ऐकलं.

यश मिळायला लागलं की माणसाला हाव सुटते. दुसऱ्या हिवाळ्यात मी सत्तरच्या खाली आले होते आणि मला थांबवेना. एका रात्री मी जेवलेच नाही. सकाळी गोळी मात्र घेतली आणि तशीच पाण्यात उतरले. मध्यावर गेले आणि हात थरथरायला लागले. घाम फुटल्यासारखं झालं, पाण्यात असून. जाऊबाई काहीतरी विचारत होत्या, ते ऐकू येत होतं पण उत्तर देता येईना. त्यांनी माझी वेणी धरली आणि ओढत पायरीवर आणलं. धावत गोठ्यात गेल्या. तिथं चहाचा डबा असतो. मूठभर साखर आणली आणि थोडी थोडी माझ्या तोंडात सारली. जिला मी सव्वा वर्ष दारात उभी केली नव्हती, त्या साखरेनं मला माणसात आणलं.

दहा-पंधरा मिनिटांनी मी बोलायला लागले तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "पाण्यात माणूस कसा जातो ते मले ठाऊक हाय. उपाशी आलीस त मी खटका पाडणार न्हाई, पाण्यात उतरू देणार न्हाई, ध्यानात ठेव."

त्याच दिवशी त्या माझ्यासोबत आरोग्य केंद्रात आल्या. डॉक्टरीण बाईंनी सगळं ऐकून घेतलं, तपासण्या करून घेतल्या आणि शुगर खाली ढकलणारी गोळी बंद केली. दार किलकिलं नव्हतं, उघडलं होतं. मी आनंदानं आणखी किती वजन उतरवू विचारलं, तर त्यांनी मान हलवली. आता उतरवायचं नाही, इथंच राहायचं, असं म्हणाल्या. जास्त अवघड हेच आहे, असंही म्हणाल्या.

खरंच अवघड होतं. उतरण्यात रोज नवी गंमत होती. थांबण्यात काय गंमत? पुन्हा पूर्ण भाकरी ताटात आली तेव्हा मला ती चोरून खाल्ल्यासारखी वाटायची. लग्नसराईत काटा वर सरकला की झोप उडायची, खाली गेला की जाऊबाईंची चिडचिड. दर सोमवारी वजन बघायचं, मधे काट्याकडं जायचं नाही, असा नियम त्यांनीच घातला. हळूहळू माझ्या लक्षात आलं की काटा थोडा हलतो आणि परत त्याच जागी येऊन बसतो, चौसष्टच्या आसपास. हळद निघाली, उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, तो तिथंच होता. तीन महिन्यांची शुगरही एका गोळीवर बरोबर राहिली. डॉक्टरीण बाईंनी रिपोर्ट माझ्याकडं वळवला आणि हसल्या, तेव्हा मला दवाखान्यात उड्या माराव्याशा वाटल्या.

त्याच आठवड्यात ब्लाउज शिवायला टाकले. आमच्या गावची शिंपीण दोन वर्षं माझे ब्लाउज आत घेऊन घेऊन कंटाळली होती. तिनं माप घेतलं, जुन्या मापाशी ताडून पाहिलं आणि विचारलं, "शिवणीत माया किती ठेवू, मॅडम? पुन्हा उसवायला लागंल न्हाई त."

मी म्हणाले, ठेव नेहमीएवढी. उसवायची वेळ येणार नाही.

यंदा विहीर पुन्हा चांगली भरली. आता पहाटे आम्ही दोघीच नसतो. दार लावून शुगर सांगणारी ती बाई येते, तिची नणंद येते, आणखी तिघी-चौघी असतात. कॅन पाळीपाळीनं पाठीवर चढतात. इतके दिवस मी पायऱ्यांनीच उतरायचे. मागच्या आठवड्यात जाऊबाईंनी वर बोट दाखवलं. जुन्या काळी मोटेचं पाणी ज्या दगडी कट्ट्यावर पडायचं, ते थारोळं. तिथून पाणी पुरुषभर खाली दिसतं. मी चढले. खाली सगळ्या बाया कडेला सरकून वर बघत होत्या. मी उडी घेतली.

पाणी फाडकन पोटावर बसलं. खूप खाली गेले, हिरवा अंधार झाला, मग पाय मारत वर आले. बाया ओरडत होत्या, पाणी उडवत होत्या. जाऊबाई पायरीवर शांतपणे केस पिळत बसल्या होत्या. म्हणाल्या, पाय जुळवून पडत जा, पोट लाल झालं आसंल.

झालंच होतं. मी तशीच निथळत पुन्हा थारोळ्यावर चढले.